हिलालचं बेट

प्रकाशा गावाच्या घाटावर उभं राहून वरच्या अंगाला पाहिलं की तापीच्या मधोमध एक लांबट बेट दिसायचं. पूर आला की त्याची वाळू पाण्याखाली जाई, पण मधलं टेकाड बुडालेलं कुणी पाहिलं नव्हतं. टेकाडावर शिंदीची झाडं होती आणि त्यांच्या सावलीत भोयांच्या सात-आठ झोपड्या. सगळी एकाच कुळाची माणसं. बारा महिने मासे धरायचे, नदी उतरली की वाळूत डांगराचे वेल लावायचे आणि काठावरच्या बाजारात येऊन विकायचं, असा त्यांचा संसार. त्यांच्यातला सर्वांत वडील हिलाल भोई. त्याच्या आज्यानं तिथं पहिली झोपडी बांधली, म्हणून लोक बेटाला हिलालचं बेट म्हणत.

एकोणीसशे अठरा सालच्या आश्विनात मानमोडीचा ताप खानदेशात शिरला. मान आणि कंबर मोडल्यासारखी दुखायची, अंग भाजायचं, आणि धडधाकट माणूस चार दिवसांत जायचा. गावागावांत लाकडं पुरेनात. लोकांनी प्रेतं तशीच नदीत सोडायला सुरुवात केली. त्या साली पाऊस अर्ध्यावरच गेला होता, नदीला ओढ नव्हती. प्रेतं वाहत येऊन बेटाच्या वाळूला लागत. हिलाल आणि त्याचे दोन्ही मुलगे तोंडाला फडकं बांधून उभे राहत आणि लांब बांबूनं ती पुन्हा धारेला लावत.

हिलालनं पहिल्याच आठवड्यात बेट बंद केलं. बेटावरची नाव काठाला जाणार नाही, काठावरचा माणूस बेटावर येणार नाही. घरातली ज्वारी आणि नदीतले मासे यांवर भागवायचं. प्यायचं पाणी नदीचं नाही, वाळूत खणलेल्या झिऱ्याचं. लोक हसले. पण काठावरचं एकेक घर रिकामं होत गेलं आणि बेटावर मात्र कुणाला साधी कणकण आली नाही, तेव्हा कुणी हसेना.

प्रकाशाच्या धर्मशाळेत तेव्हा तात्पुरता दवाखाना उघडला होता. तिथं सुसाना नावाची नर्स होती. नवापूरकडच्या डोंगरातली, ख्रिस्ती झालेल्या घरातली, तिशीच्या आतली. तिचा नवरा जेठ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत साप चावून गेला होता. त्यानंतर ती मिशनच्या बायकांकडे सुईणपण आणि मलमपट्टी शिकली. घरची बोली वेगळी, शाळेत शिकलेली मराठी वेगळी आणि इथल्या लोकांची अहिराणी आणखी वेगळी. ती मराठीत बोले, लोक अहिराणीत बोलत, आणि दोघांचं निभून जाई. दवाखान्याचे डॉक्टर स्वतःच तापानं पडले, त्यांना बैलगाडीतून नंदुरबारला नेलं. मागे राहिली सुसाना आणि नवल नावाचा कंपाउंडर. धर्मशाळेच्या ओसरीवर, पडवीत, पिंपळाच्या पारावर माणसं पडलेली असत. तिला स्वतःला अजून काही झालं नव्हतं. असं का, ते तिलाही कळत नव्हतं.

एका सकाळी ती घाटावर चादरी धूत असताना पाण्यातून हाक आली.

"ओ दवाखानानी बाई! ओ बाई!"

कमरेइतक्या पाण्यात एक तरुण भोई नाव धरून उभा होता. काठाला लागत नव्हता. तो हिलालचा धाकटा मुलगा भिला.

"मन्ही बायको, गजरा. कालपासून अडेल शे. पोऱना हात भाईर उना शे."

सुसानाच्या हातातली चादर पाण्यात गेली. हात आधी बाहेर येणं म्हणजे मूल आडवं. असं मूल आपोआप बाहेर येत नाही. कुणी हात घालून वळवलं नाही तर आई आणि मूल दोघंही जातात, आणि लवकर जात नाहीत.

"तुमच्या बेटावर कुणाला ताप आहे का?" तिनं विचारलं.

"नही. एकले बी नही. बाबानी कोनले येऊच दिधं नही."

"मग मला कसं नेता, दादा? मी रात्रंदिवस तापकऱ्यांत असते. माझ्या अंगावरून तो तिकडे येईल."

भिलानं नाव आणखी हातभर काठाकडे ओढली. मग म्हणाला, "बाई, ती मरी जाई."

वरच्या पायरीवर नवल येऊन उभा राहिला होता. तो हळू म्हणाला, "जाऊ नका, बाई. या तापीकाठाला हा ताप नाही अशी तेवढी एकच जागा उरलीय."

"दुसरी कोण आहे, नवल? गावातली सुईण गेली. तिची सूनही गेली."

नवल पाणी तापवायला वर गेला.

तिनं वेळ घालवला नाही, पण घाईही केली नाही. नवलकडून थर्मामीटर लावून घेतला. ताप नव्हता. कार्बोलिकच्या साबणानं डोक्यावरून अंघोळ केली, पेटीच्या तळाचं कोरं लुगडं काढून नेसली, कात्री आणि दोरा पाण्यात उकळून घेतला, चार पदरी फडकं नाकातोंडावर आवळून बांधलं. मग ती पाण्यातून जाऊन नावेत बसली. भिलानं बांबू रेटला. नाव धारेला लागली.

बेटाची वाळू जवळ आली तेव्हा हिलाल तिथं उभा होता. उंच, काटक, पांढऱ्या मिशांचा. प्रेतं ढकलायचा तोच बांबू त्यानं आडवा धरला होता.

"भिला, नाव फिराव."

"बाबा, ती..."

"फिराव म्हणस ना!" मग तो सुसानाकडे वळला. आवाज चढवला नाही. "बाई, तुमनावर मन्हा राग नही. तुम्ही चांगली मानसं. पन आठून परत जा. आठे लेकरे शेतस."

सुसाना नावेतच बसून राहिली. तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. "तुम्ही सांगाल तसं, बाबा," ती म्हणाली.

तेवढ्यात टेकाडावरून हिलालची म्हातारी, भिकुबाई, धापा टाकत खाली आली. तिच्या हातांना कोपरापर्यंत तेल आणि रक्त होतं.

"तू मरद मानूस," ती हिलालला म्हणाली. "झोपडीना मजार काय चाली ऱ्हायनं, तुले काय माहीत? मन्हा हात पुरत नही तिले."

"भिकू, इचार कर."

"मंग मरू देऊ तिले? तूच जाय आन तिले सांग. तुन्ह्या तोंडानं सांग."

झोपडीतून एक आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, ओरडून संपल्यानंतरचं कण्हणं होतं. हिलालनं तो ऐकला. बांबू त्याच्या हातात थोडा वेळ तसाच राहिला. मग तो बाजूला झाला आणि पाठ फिरवून वाळूवरून बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेला.

सुसानानं उतरताच सांगितलं, पोरंबाळं आणि पुरुष माणसं सगळी त्या टोकाला जाऊ द्या. झोपडीत फक्त भिकुबाई आणि थोरली सून शांतीबाई, एवढ्याच राहतील. लोकांनी ऐकलं. आया हाताला धरून पोरांना घेऊन गेल्या.

गजरा वीस वर्षांचीही नसेल. डोळे खोल गेले होते. फडकं बांधलेलं तोंड बघून ती दचकली.

"बाई, तोंड दावा ना. माले भ्याव वाटस."

"माझे डोळे बघ," सुसाना म्हणाली. "डोळ्यांकडे बघ आणि मी सांगेपर्यंत जोर करू नकोस. अजिबात करू नकोस."

काम अवघड होतं. पाणी जाऊन बराच वेळ झाला होता, पिशवी मुलाला घट्ट आवळून बसली होती. गजराला शुद्ध हरपेल असं द्यायला काही नव्हतं. शांतीबाईनं तिचे खांदे धरले, भिकुबाईनं गुडघे. सुसानानं हात तेलात बुडवून आत घातला, एक कळ गेली की थोडा पुढे, कळ आली की थांबायचं. तिचा हात बधिर झाला, बोटं कुठली आणि मुलाचा पाय कुठला हे कळेना. ऊन झोपडीच्या एका कुडावरून दुसऱ्या कुडावर गेलं. मग तिला टाच सापडली. तिनं ती धरली आणि मूल हळूहळू फिरलं.

मुलगी झाली. निळी, लुळी, हूं नाही की चूं नाही. सुसानानं तिला उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडातला चिकटा बोटानं काढला. काही नाही. गजरा मान उचलून विचारत होती, "काय व्हयनं? माय, काय व्हयनं?"

सुसानानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं, बाळाच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि श्वास दिला. पुन्हा दिला. छातीचा पिंजरा तिच्या हाताखाली वर आला आणि खाली बसला. पुन्हा. भिकुबाई काहीतरी पुटपुटत होती. मग त्या एवढ्याशा अंगात एक उचकी उठली आणि मुलगी रडली.

भिकुबाईनं सुसानाला मिठीच मारली. रडत तिच्या गालाला गाल लावला, म्हणाली, "तू मन्ही लेक शे, मन्ही लेक." गजरानं तिचा हात धरून ओठांना लावला. शांतीबाई बाळाला पुसत होती, हसत होती. सुसानाला फडक्याची आठवण झाली तेव्हा तिनं ते पुन्हा वर ओढलं. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

गजराचं रक्त जास्त गेलं होतं, म्हणून सुसानाला लगेच परत जाता येईना. संध्याकाळी ती झोपड्यांपासून दूर वाळूवर एकटी जाऊन बसली. काठ्यांवर जाळी वाळत घातली होती. त्या टोकाला पोरं पाण्यात दगड फेकत होती आणि मधूनच उभी राहून तिच्याकडे बघत होती. पाणी वाळूला लागून मागे जात होतं. तिला काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते कळेना. मग कळलं. कुणी खोकत नव्हतं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिच्या कानावर कुणाचं खोकणं नव्हतं. शांतीबाई भाकरी आणि वाम माशाचं कालवण घेऊन आली तेव्हा तिनं तिला लांबच ठेवायला लावलं आणि ती गेल्यावर पोटभर जेवली. तिला वाटलं, सगळं संपलं की इथं एकदा यावं. नुसतं बसायला.

सकाळी ती उठायला गेली तर मान वळेना.

तिला आधी वाटलं, वाळूवर झोपल्यामुळे असेल. मग कंबरेतून कळ निघाली आणि थंडी वाजली. तिनं शेकडो माणसांकडून हेच ऐकलं होतं. ती तशीच पाण्याकडे सरकली आणि लांबूनच हिलालला हाक मारली.

"बाबा, मला ताप भरतोय. जवळ येऊ नका."

हिलाल जागीच थांबला. त्यानं डोळे मिटून घेतले आणि उघडले.

"कोन कोन तुमनापासी बठनं?"

"भिकू माय, शांतीबाई, गजरा. बाळ. आणि भिला दादा, नावेत. त्यांना एका झोपडीत ठेवा. वेगळं. दुसऱ्या कुणी तिकडे जाऊ नये."

हिलालनं भिलालाच नाव काढायला सांगितलं. भिलानं तिला नावेत घेतलं. परतीच्या वाटेवर ती नावेच्या टोकाला अंगाचं मुटकुळं करून पडली होती आणि सारखं सांगत होती, "गजराला पाणी द्या, भरपूर द्या. उठू देऊ नका." भिला मान हलवत होता. त्याचा चेहरा अजून आनंदातच होता. त्याला मुलगी झाली होती.

सुसाना धर्मशाळेच्या आतल्या खोलीत पडली. नवलनं तिला पाहिलं, पाजलं, स्वच्छ केलं. दोनदा त्यानं आशा सोडली. तिच्या नाकातून रक्त आलं, ती आपल्या डोंगरातल्या बोलीत जेठ्याशी बोलत राहिली. मग एका सकाळी ताप उतरला आणि ती जगली. तोवर दिवाळी येऊन गेली होती. गावात दिवे लागले नव्हते.

उठून बसता येऊ लागल्यावर तिनं पहिलं विचारलं, "बेटावरून कुणी आलं होतं?"

"नाही," नवल म्हणाला.

"काही दिसतं का तिकडे?"

"धूर दिसतो."

"चुलीचा?"

नवल बाटल्या पुसत राहिला.

कार्तिकाच्या शेवटी नदी इतकी उतरली की काठावरून बेटापर्यंत चालत जाता येऊ लागलं. गुडघाभर पाणी, मध्ये एका ठिकाणी मांडीएवढं. काठी टेकत, थांबत थांबत सुसाना निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. चालताना ती मनाशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोळवत होती. कदाचित ताप तिकडे पाण्यातूनच गेला असेल. ती प्रेतं तर आधीपासून येत होती. पण ती आधीपासून येत होती आणि कुणाला काही झालं नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

वाळूवर पोरं होती. तिला पाहिल्याबरोबर ती ओरडली आणि टेकाडाकडे पळाली. झोपड्यांच्या दारांतून बायकांनी पदर तोंडावर ओढले, पोरांना आत घेतलं. दोन-तीन झोपड्यांची दारं बाहेरून बांधलेली होती.

हिलाल वाळूत डांगरासाठी खड्डे खणत होता. त्याच्या मिशा वाढून ओठांवर आल्या होत्या. त्यानं तिला पाहिलं आणि खणायचं थांबवलं नाही.

"बाबा," ती म्हणाली. "कोण कोण?"

त्यानं खणत खणतच सांगितलं. आधी भिकू. तिच्यामागून गजरा. मग थोरला मुलगा. बायको शांतीबाई आजारी पडली म्हणून वेगळ्या झोपडीत शिरला, ऐकलं नाही त्यानं. शांती उठली, तो गेला. त्याच्यामागून पलीकडच्या दोन घरांतली जवान माणसं, आणि एक पोर.

"भिलाले बी उना व्हता ताप. त्याले काही व्हयनं नही," तो म्हणाला.

"मी आणलं ते," सुसाना म्हणाली. बोलता बोलता ती वाळूत खाली बसली. "मी नसते आले तर..."

"नसती उनी तर गजरा तवढ्यातच जाती. पोरगी बी." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "तुले माहीत व्हतं का, तुन्ह्या अंगमा शे म्हणून?"

"नाही. देवाची शपथ, बाबा. मी बघून आले होते. नव्हता ताप."

"मंग मी तुले काय बोलू?" त्यानं कुदळ वाळूत रोवली. "भिकू म्हने, तिले उतरू दे. पन बांबू मन्हा हातमा व्हता, बाई. मी बाजूले सरकनू. मन्ह्या पायानं सरकनू. आते रोज आठे उभा ऱ्हास आन तेच दिसस."

सुसानाला म्हणावंसं वाटलं की यात तुमची चूक नाही. पण ती चूक त्याची नाही म्हटलं तर कुणाची, हे तिला सांगता आलं नसतं.  तो पुन्हा खणू लागला.

थोड्या वेळानं शांतीबाई झोपडीतून बाहेर आली. कपाळ मोकळं, हातांत बांगड्या नाहीत. तिच्या कडेवर तिचं स्वतःचं दीड वर्षांचं पोर होतं आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेली गजराची मुलगी. ती उतारावर मध्येच थांबली, जवळ आली नाही. फडकं बाजूला करून तिनं मुलीचा चेहरा सुसानाकडे वळवला. लांबून एवढंच दिसलं की मूल गुबगुबीत आहे आणि डोळे उघडे आहेत.

सुसाना उठली. एक पाऊल पुढे टाकलं. शांतीबाईनं मुलीला छातीशी घेतलं आणि मागे सरकली. रागानं नव्हे. विस्तवाजवळ गेलेलं मूल आईनं मागे ओढावं, तशी.

"पितस का दूध?" सुसानानं तिथूनच विचारलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच अहिराणीत बोलली होती.

"पेस," शांतीबाई म्हणाली. "दोन्हीस्ले पुरस."

एवढंच बोलून ती आत गेली.

परत निघताना भिला काठी घेऊन तिच्या पुढे चालू लागला. नदीचा तळ बदलत होता, एका जागी खड्डा पडला होता, तो त्यानं वळसा घालून टाळला. हाडांवर कातडं तेवढं उरलं होतं त्याच्या.  पाणी घोट्यावर आलं तसा तो थांबला.

"बाई, आते येऊ नका," तो म्हणाला. "लेकरे भ्यातस. रातले नीजत नहीत."

"नाही येणार," ती म्हणाली.

त्याला आणखी काही बोलायचं होतं. त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"गजरानी नाव ठी दिधं व्हतं पोरगीनं," तो शेवटी म्हणाला. "तुमनं. सुसाना. बाबा म्हनस, ते नाव आठे नको. शांतीनी दुसरं ठेवं."

"बरं केलं," सुसाना म्हणाली.

तो वळला आणि पाण्यातून परत गेला. ती घाटाच्या खालच्या पायरीवर बसली. वर धर्मशाळेसमोर डोंगराकडून आलेली एक बैलगाडी उभी होती, गाडीत कुणीतरी पांघरूण घेऊन पडलं होतं आणि नवल तिला हाका मारत होता. तिनं लुगड्याचा ओला काठ पिळला, पाय पुसले आणि उठून पायऱ्या चढू लागली. दम लागत होता, म्हणून प्रत्येक टप्प्यावर तिला थांबावं लागलं.

दवाखाना संक्रांतीपर्यंत चालला. नंतर तो बंद झाला आणि सुसाना नवापूरकडे आपल्या माणसांत परत गेली. निघाली त्या दिवशी गाडी घाटाच्या कडेनं जात होती. नदीवर धुकं होतं. गाडीवानानं विचारलं, "थांबू का जरा, बाई? नदी बघनी शे का?"

"नको," ती म्हणाली. "चाला."